रिकाम्या समाधीला आवतण

ये ल्यूकोन, बस. दार नुसतं लोटून ठेव, कडी घालू नकोस. आणि माझ्या पायाकडे असं बघू नकोस. एकाच पायात जोडा घालून बसलेला म्हातारा वेडाच असतो असं काही नाही. ते येईल ओघात. आधी तुझं बोलू.

बाजारात तुला कोण काय बोललं ते आलंय माझ्या कानावर. 'शिडीवरून मागे फिरलेल्याचा पोरगा', हेच ना? आमच्या प्लाटेयाची ही माणसं इतकी वर्षं अथेन्समध्ये दुसऱ्यांच्या आसऱ्यानं राहताहेत, तरी त्यांच्या जिभेची खाज काही जात नाही. तुझा बाप मेनेक्लीस, माझा सख्खा मोठा भाऊ. वेढ्यातून निसटायच्या रात्री तो आमच्याबरोबर निघाला आणि इथं पोचला नाही. त्या रात्री काही जण भिंतीशी येऊन घाबरले, मागे फिरले. लोकांनी दादालाही त्यांच्यातच जमा करून टाकलं. मला खरं ठाऊक होतं. पण तुझ्या आईनं वचन घेतलं होतं, ती असेपर्यंत मी तोंड उघडायचं नाही. "लेकराला त्या वाटेची ओढ लागेल, भाऊजी," म्हणायची. या वसंतात वहिनी गेली. आणि आज नेमका आपल्या गावच्या आवतणाचा दिवस आहे. तेव्हा ऐक, आणि ऐकून झालं की ठरव तुझा बाप भित्रा होता का ते.

दिवा जरा इकडे सरकव.

तू तान्हा होतास तेव्हाच युद्ध दाराशी आलं. तुला आईच्या कुशीत घालून इकडे धाडलं, त्यामुळे आपलं गाव तू पाहिलंच नाहीस. लहानसं गाव. दुपारी अर्धं गाव घोरायचं आणि उरलेलं अर्धं ते ऐकत पडायचं. पण त्या गावाच्या वेशीबाहेर जे होतं ते साऱ्या ग्रीसमध्ये दुसरीकडे कुठे नव्हतं. तुझ्या आजोबांच्या तरुणपणी पर्शियाच्या राजाची फौज आपल्या शेतांत येऊन उतरली होती, नजर पोचेल तिथवर नुसते तंबू. आणि एरवी एकमेकांचे गळे धरणारी आपली शहरं त्या एका वेळी खांद्याला खांदा लावून उभी राहिली. हाणून पाठवलं त्या फौजेला. मेलेल्यांना तिथंच पुरलं, ज्या त्या शहराची वेगळी समाधी, मातीचा मोठा उंचवटा आणि त्यावर दगड. आपल्या चिमुकल्या गावानं शपथ घेतली की वर्षातून एकदा या सगळ्यांना आपण जेवायला बोलवायचं. आणि बोलावलं रे. दुष्काळात बोलावलं, साथीत बोलावलं. मोठमोठी शहरं आपल्या शपथा सोयीनं विसरली, आपलं गाव विसरलं नाही. मला अजून त्याचा अभिमान वाटतो.

बोलवायचं काम नगरप्रमुखाचं. तो मान सोपा नव्हता. वर्षभर त्यानं पांढरेच कपडे घालायचे आणि लोखंडाला हात लावायचा नाही. एका दिवसापुरतं सगळं उलटं. त्या दिवशी लाल झगा, हातात तलवार आणि डोक्यावर पाण्याचा घडा. शेतकऱ्याच्या घरी हा मान आला की बघायलाच नको. त्या वर्षी दादा नगरप्रमुख होता. त्याच्या द्राक्षवेली मी छाटल्या, त्याचं गवत मी कापलं, आणि तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बांधावर उभा राहून मला चुका दाखवायचा. भाकरी कापायलासुद्धा वहिनी लागायची.

आणखी एक नियम होता, आणि आपली गोष्ट त्याच्यापाशी येऊन अडते. त्या दिवशी कुठल्याच वस्तूला गुलामाचा हात लागायचा नाही. पाणी, दूध, तेल, सगळं स्वतंत्र माणसांनीच वाहायचं. कारण समाधीत झोपलेले स्वातंत्र्यासाठी मेले होते. माझ्याकडे गाडी आणि खेचरं, म्हणून मिर्टलच्या हिरव्या डहाळ्या आणि फुलांचे हार वाहून न्यायचं काम माझं.

तर आदल्या दिवशी आम्ही दोघं डोंगराच्या पायथ्याशी डहाळ्या तोडत होतो. मी कोयत्यानं, दादा हातानं. जैतुनाची फळं झोडायचे दिवस, हवेत चांगलाच गारठा. दादा एरवी गात गात काम करायचा. त्या दिवशी गप्प होता.

कारण असं होतं. समाध्यांच्या रांगेत शेवटी, शेजारच्या थीब्ज शहराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, एक समाधी रिकामी होती. एका बेटावरच्या शहराची. नाव घेत नाही, त्यांच्यातला एक जण माझा शेजारी आहे आणि बरा माणूस आहे. त्यांची फौज लढाई संपल्यावर पोचली होती. पुढे काही वर्षांनी लाज वाटली म्हणून त्यांनी मजूर लावून घाईघाईनं मातीचा ढीग घातला, वर सगळ्यांपेक्षा मोठा दगड उभा केला. आत कुणी नाही. आपली मिरवणूक तिथून जाताना कुणी मान वळवून बघायचं नाही. पाणी नाही, दूध नाही, हाक तर नाहीच. आपल्याकडे मानायचे की मेलेल्या माणसालाही मानपान असतो. त्याला जेवायला बोलावलं की तोही कधीतरी परतीचं आवतण देतो. समाध्यांतल्या वीरांना सगळं गाव मिळून बोलावतं, तेव्हा ते फेडायचे तर सगळ्या गावाला फेडतील. पण रिकाम्या जागी हाक मारली, आणि तिथं कोण येऊन बसलंय हेच ठाऊक नसलं, तर ते परतीचं आवतण एकट्या हाक मारणाऱ्याला येतं. आणि ते नाकारता येत नाही.

त्या साली थीब्जची नियत फिरलेली सगळ्यांना दिसत होती. नेमका तेव्हाच त्या बेटाचा दूत गावात आला. थ्रासिलोस नाव त्याचं. सुगंधी तेलात बुडवून काढल्यासारखा माणूस. म्हणाला, आम्ही जव देऊ, तटावर उभी राहायला माणसं देऊ. एकच अट. आमच्या वीरांनाही इतरांसारखी हाक मारायची, सगळ्यांसमोर. गावानं हात वर करून लगेच होकार देऊन टाकला. का नाही देणार? हाक मारायची होती एकट्या दादानं.

"आजारी पड," मी म्हटलं. "पोटात कळ आली म्हणून लोळ. मी देतो साक्ष."

"आणि तटावर कोण उभं राहणार? तुझी खेचरं?"

"खेचरं बरी त्या तेलकट माणसापेक्षा. अरे दादा, तिथं कुणी नाहीये! रिकाम्या घरात हाक मारायची म्हणजे…"

"रिकामं आहे कशावरून?" तो म्हणाला.

मी कोयता थांबवला. दादानं एक डहाळी काडकन मोडली आणि तिच्याकडे बघत बोलला, "कारिओन आठवतो का तुला? बाबा सांगायचे तो?"

कुणाला आठवणार नाही? तुझ्या आजोबांचा गुलाम. त्या लढाईत प्रत्येक ढालवाल्यामागे एकेक गुलाम होता. ढाल उचलायला, पाणी आणायला. आणि शत्रूचे घोडेस्वार अंगावर आले तेव्हा हेच लोक नदीतले गोटे फेकत उघड्या अंगानं पुढे गेले. अंगावर मेंढीचं कातडं, पायात काही नाही. कारिओनकडे गोटे संपले तेव्हा तो आजोबांच्या अंगावर आडवा पडला, म्हणून आजोबा जगले, म्हणून मी, म्हणून तू. दुसऱ्या दिवशी शहरांनी आपापली माणसं वेचून पुरली. या लोकांना कोण वेचणार? नदीकाठच्या एका घळीत लोटून वर माती ओढली. आजोबा जखमी पडलेले, घळ कुठली ते त्यांना कुणी दाखवलंही नाही. म्हातारपणी ते संध्याकाळी नदीकाठानं हिंडायचे. आम्हाला वाटायचं पाय मोकळे करताहेत.

"बेटवाल्यांच्या मजुरांनी ढिगासाठी माती कुठून उचलली?" दादा म्हणाला. "रस्त्याला सगळ्यात जवळची मऊ माती कुठे होती?"

नदीकाठच्या त्या घळीत. 

"दादा, ते गुलाम होते," मी म्हटलं. "त्यांचा हात दुधाच्या भांड्याला लागलेला चालत नाही. तू त्यांना पंगतीला बसवणार?"

"बाबांच्या पोरांनी नाही बसवायचं तर कुणी? आपल्या घराण्यावर उधारी आहे ती." एवढं बोलून तो हसला आणि नेहमीसारखं म्हणाला, "तू आधी ती डहाळी नीट काप. खेचरांना चारा नाही न्यायचा."

दुसऱ्या दिवशी पहाटे रणशिंग वाजलं, हल्ल्याचा इशारा वाजवतात तसं, आणि मिरवणूक निघाली. नदीवरून धुकं आलं होतं आणि दिवस वर आला तरी हटायचं नाव नाही. दादा पुढे लाल झग्यात. मी गाडीवर. झऱ्याचं पाणी घेऊन त्यानं एकेक दगड स्वतःच्या हातानं धुतला, तेल चोळलं, बैल कापला, हाक मारली. तुला सांगतो ल्यूकोन, दादाचा आवाज मोठा नव्हता. पण तो "या, शूरांनो" म्हणायचा तेव्हा मी गाडीवर नकळत उठून उभा राहायचो. प्रत्येक समाधीपुढे बैलाचं रक्त गवतावर ओतलं. ते तिथंच राहिलं, काळपट, गोठत. नेहमी तसंच राहायचं. वीर येतात, वासावर तृप्त होतात आणि जातात, अशी आपली समजूत.

मग शेवटची समाधी आली. दुपार झाली होती, पण उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. माझी खेचरं वीसेक हात आधीच थांबली. मी चाबूक दाखवला, शिव्या दिल्या, एकानंही कान हलवला नाही. मी खाली उतरलो आणि डहाळ्या काखेत मारून चालत गेलो.

थ्रासिलोस पुढे येऊन उभा होता, झगा सावरत. दादानं दगड धुतला. तेल लावलं. इतरांपेक्षा जास्त वेळ लावला, एखाद्या लहान मुलाचं तोंड पुसावं तसा. मग रक्त ओतून तो दगडापासून बाजूला सरला आणि खाली मातीकडे तोंड करून बोलला.

"या मातीत जे कुणी आहात… ज्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत, ज्यांना आजवर कुणी जेवायला बोलावलं नाही… तुम्हीही त्याच कामासाठी मेलात. उशीर झाला, राग धरू नका. या. पान वाढलंय." आणि मग अगदी हळू, मलाच ऐकू जाईल असं, "कारिओन, असलास तर आधी तू ये."

"हे काय चाललंय?" थ्रासिलोस म्हणाला. "आमच्या शहराचं नाव कुठाय?"

"तुमचे जे कुणी आत असतील ते येतील की, पाहुणे," दादा म्हणाला. "मी कुणाला अडवलंय का?"

लोकांत कुणीतरी खुसकन हसलं. आणि ते हसू अर्ध्यावर थांबलं.

आधी वास आला. ओल्या मेंढीच्या कातड्याचा, कांद्याचा, खूप चाललेल्या माणसांच्या घामाचा. आपल्या मिरवणुकीत सगळे न्हालेले, तेल लावलेले. तो वास आमच्यातल्या कुणाचाच नव्हता. मग आवाज. तहानलेली गुरं हौदाला लागली की येतो ना, तसा. घोट घेतल्याचा, घाईघाईनं, खूप तोंडांचा… दादाच्या पायाशी ओतलेलं रक्त जमिनीत जात होतं. बघता बघता गेलं. मागे डागसुद्धा राहिला नाही. दुधाचं भांडं धरलेल्याच्या हाताला हिसका बसला, त्यानं बघितलं तर भांडं कोरडं. कुणी ओरडलं नाही. ओरडायला तोंड उघडावं लागतं, आणि त्या वासात कुणाला तोंड उघडवत नव्हतं.

थ्रासिलोसचा चेहरा मात्र उजळला. "बघा!" तो म्हणाला. "बघितलंत? आले आमचे वीर! आता बोला, कोण म्हणतं समाधी रिकामी…"

तो बोलता बोलता खाली बघायला लागला. समाधीच्या उतारावर ओली माती होती, आणि तिच्यावर पावलं उमटत होती. वरून खाली येणारी. एक, मग दुसरं, मग बाजूला आणखी. पाऊल दिसायचं, ते टाकणारा दिसायचा नाही. बोटं स्वच्छ उमटलेली, टाचांना भेगा पडलेल्या.

"अनवाणी…" थ्रासिलोस पुटपुटला. "आमची माणसं… अनवाणी नव्हती लढत…"

"नाही ना?" दादा म्हणाला. "मग ही दुसरी कुणीतरी असतील. जरा सरका पाहुणे, पंगतीच्या मध्ये उभे आहात तुम्ही."

तो सरकला. सरकला कसला, धावत सुटला. झग्यात पाय अडकून एकदा पडला, उठला आणि धुक्यात गेला. बेटावरून पुढे थोडे किडके जव आले, माणसं कधी आली नाहीत.

दादा जागचा हलला नाही. मी त्याच्यामागे दोन हातांवर होतो, आणि त्याचा तो ताठ पाठीचा कणा बघून मला वाटलं की जगात याच्याइतका मोठा माणूस नाही. त्यानं पेल्यात वाइन ओतली, स्वतः एक घोट घेतला आणि पेला उतारावर ठेवला. इतर ठिकाणी तो पेला परत उचलायचा असतो. त्यानं उचलला नाही. पावलं त्या पेल्याभोवती गोळा झाली, खूप वेळ तिथंच थांबली. मग धुक्याचा एक लोट आला, आणि गेला तेव्हा तिथं पेला नव्हता.

घरी येताना तो गाडीवर माझ्याशेजारी बसला. लाल झगा काढून मांडीवर घेतलेला.

"भीती वाटली?" मी विचारलं.

"फार," तो म्हणाला. "अजून वाटतेय. आता आवतण येणार ना."

"कधी?"

"त्यांना काय घाई आहे?"

पुढची काही वर्षं मी रोज त्याच्या तोंडाकडे बघत काढली. तो खोकला तरी मी हातातलं काम टाकून धावायचो. वहिनी रात्री उठून दाराशी कान लावायची. तो मात्र मजेत होता. तू झालास तेव्हा गावभर मध वाटला त्यानं. आणि मग युद्ध आलं, तुम्हाला इकडे पाठवलं, आणि थीब्ज आणि स्पार्टा दोघांनी मिळून आपल्या गावाभोवती भिंत बांधली, आम्हाला आत कोंडून. धान्य संपत आलं. तेव्हा ठरलं की पावसापाण्याच्या काळोख्या रात्री शिड्या लावून ती भिंत ओलांडायची. येतील ते येतील.

ती रात्र मी लांबवत नाही. गारांचा पाऊस, वारा, पुढचा माणूस दिसत नाही. चिखलात घसरू नये म्हणून सगळ्यांनी डाव्या पायात जोडा घातला होता, उजवा अनवाणी. दादा शिडीवर माझ्या पुढे होता. नीट ऐक, पुढे होता. भिंतीवर त्यानं मला हाताला धरून ओढून घेतलं. मागे फिरले ते दुसरे. आम्ही पलीकडे उतरलो, पाणी भरलेला खंदक गळ्यापर्यंत बुडून पार केला आणि मुद्दाम थीब्जच्याच रस्त्याला लागलो, कारण शत्रूच्या गावाकडे आम्ही पळू असं कुणाला वाटणार नव्हतं.

पण एका टोळीला वाटलं. मागून मशाली आल्या. आम्ही सगळे थकून चिखलात पालथे पडलो होतो, हत्यारं ओली, बोटं बधिर. मशाली इतक्या जवळ आल्या की त्यांची चरचर ऐकू यायला लागली. मी डोळे मिटून घेतले, आणि तेव्हाच नाकात वास शिरला. ओलं मेंढीचं कातडं. कांदा. घाम.

मी मान वर केली. आम्ही त्या समाधीच्या पायथ्याशी पडलो होतो.

पहिला गोटा माझ्या डोक्यावरून गेला, वाऱ्यातही त्याची शीळ ऐकू आली. पुढची मशाल विझली आणि धरणारा ओरडून कोसळला. मग दुसरा. मग सगळीकडून. आमच्यातल्या कुणाच्या हातात गोटा नव्हता, ल्यूकोन. गोटे समाधीच्या माथ्यावरून येत होते, आणि नेम एकही चुकत नव्हता. मशाली एकामागून एक विझल्या. जे उरले ते पळाले.

"चला, उठा, डोंगराकडे," कुणीतरी कुजबुजलं. सगळे उठले. मी दादाचा हात शोधला. तो उभा होता, पण समाधीकडे तोंड करून. जमिनीवर पडलेली एक मशाल अजून धुगधुगत होती, तिच्या उजेडात मला त्याच्या हातात काहीतरी दिसलं. तोच पेला होता. भरलेला, आणि एवढ्या पावसातही त्यात एक थेंब पडत नव्हता.

"दादा, ठेव तो खाली," मी म्हटलं. "फेकून दे. आपण पळू… पोराकडे जाऊ…"

"पाहुणचार केला रे त्यांनी आपला," तो म्हणाला. "सगळ्यांचा. आता उठून जायचं म्हणजे बरं दिसत नाही." आवाजात नेहमीची चेष्टा होती. "तू चल, कालोन. माझ्या पोराला सांग, बाबा जेवायला गेलेत. आवतण होतं म्हणावं."

तो प्यायला. पेला उताणा करून दाखवला मला, थेंब शिल्लक नाही असा. मग तो उतार चढत गेला, एका पायात जोडा, एक पाय अनवाणी, आणि मशाल विझायच्या आधी मला त्याच्या दोन्ही बाजूंना कातडी पांघरलेले खांदे दिसले, त्याला सांभाळून वर नेणारे. एकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

हा तुझा बाप. उद्या बाजारात कुणी जीभ चालवली तर सांग त्याला. म्हणावं, तुझा बाप जिवंत आला तो माझ्या बापानं मारलेल्या हाकेमुळे.

मग गाव पडलं, जमीनदोस्त झालं. आता तिथं हाक मारायला कुणी उरलं नाही. पण दरवर्षी आजच्या दिवशी माझ्या या उंबऱ्याबाहेर पावलं उमटतात. कोरड्या दगडावर, लाल मातीची. अशी माती अथेन्समध्ये कुठे नाही, ती आपल्या नदीकाठची. अनवाणी पावलं पुष्कळ. आणि त्यांच्यात एक जोडी अशी की डाव्याला जोडा आहे, उजव्याला नाही. दाराशी येतात, थांबतात, परत जातात. मी दूध ठेवतो. हाक कधी मारली नाही, धीर झाला नाही.

आज मारली. सकाळीच मारली, दादाचं नाव घेऊन. मी म्हातारा झालो, मला त्याला बघायचंय रे. हाक मारल्यावर परतीचं आवतण येणार ते माझ्या नावावर, म्हणून उजवा जोडा काढून तयार बसलोय. दार म्हणूनच लावू नको म्हटलं तुला. येताना उंबऱ्यावर दुधाचा वाडगा बघितलास ना? काठोकाठ होता.

रिकामा होता? बरं… आले म्हणजे.

काय? पेला? कसला पेला? पेला मी ठेवला नव्हता.

थंडीतून आलास, तुला वाटलं काकानं तुझ्यासाठीच ठेवलाय… थांब. थांब जरा. सगळा प्यायलास?

दिवा खाली धर, ल्यूकोन. तुझ्या पायांपाशी. अजून खाली…

तुझा उजवा जोडा कुठाय?